नुसते उभे राहा

माझं नाव दिगंबर अवसरे.
हे सांगावं लागतं.
पडद्यावर ते येतं तेव्हा
लोक अंधारात चपला शोधत असतात.

बोहरी आळीच्या तोंडाशी आमचं दुकान.
बापानं जन्मभर खाकी शिवली.
शिवाजीनगर लाइनीतले हवालदार मापाला यायचे,
पोट आत ओढून.
काजी-बटणं माझ्याकडे.

राज्य नाट्यस्पर्धेला मी शाळामास्तर केला होता,
हळवा, तिसऱ्या अंकात खोकणारा.
प्रयोगानंतर एक निर्माता विंगेत आला,
कबड्डीत मोडलेलं नाक आणि भुवईतले टाके
बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, "मेकअपचा खर्च वाचला."

तेव्हापासून एक्केचाळीस चित्रपट.
एकोणचाळिसांत मेलो.
एकदा खडकवासल्याच्या पाण्यात, जानेवारीत, सात रीटेक.
एकदा गुलटेकडीला, कांद्याच्या पोत्यांवर.
तिथला एक हमाल शॉट संपल्यावर म्हणाला,
"असं नाय पडत माणूस, सायेब.
आधी गुडघे जातात."
त्यानंतर माझे आधी गुडघे जातात.

जग्या, काण्या, नाग्या, पप्पूशेठचा उजवा हात.
आडनाव कुणालाच नव्हतं.
एकाला आई होती, ती एडिटिंगमध्ये गेली.
वाक्यं मोजकी:
"शेठ, माल उतरला."
"शेठ, पोरगं बोलत नाय."
"शेठ..." आणि गोळी.

रक्ताच्या पिशवीला शर्टाला आतून खिसा लागतो.
तो मीच शिवायचो, कच्च्या टाक्याचा,
दोरी ओढली की एका दमात उसवावा असा.
बापाला शेवटपर्यंत सांगितलं नाही
की मी फाटण्यासाठी शिवतो.

बाकी पुण्यानं माझं बरं केलं.
रिक्षावाले मी म्हणेन तिथं येतात.
(यात चमत्कार काय, असं विचारणारा पुण्याचा नव्हे.)
मुलीच्या बैठकीत व्याह्यांनी एकही अट घातली नाही.
मी खूश झालो होतो तेव्हा,
खोटं कशाला बोलू.

मार्चमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी परचुरे आले.
"बी-सातमधला पोरगा, तीन महिने भाडं नाही.
तुम्ही बोलायचं काही नाही हो,
नुसते उभे राहा."

उभं राहणं मला येतं.
वजन एका पायावर, हात मागे,
मान जराशी डावीकडे, पापणी हलू द्यायची नाही.
कॅमेरा नव्हता. एका टेकमध्ये झालं.

पोरगं औशाकडचं. फौजदाराच्या परीक्षेची तयारी.
भिंतीवर पेपरातून कापलेला वर्दीचा फोटो,
खांद्याची शिवण चुकलेली, माझी नजर गेलीच.
त्यानं पिठाच्या डब्यातून पैसे काढले,
मोजताना दोनदा चुकला,
दोन्ही वेळा माझ्याकडे बघून.
जिन्यात परचुरे म्हणाले, "काय जिवंत अभिनय!"

रात्री साडेदहाला मी परत गेलो. एकटा.
पायात स्लिपर, हातात प्रमिलानं दिलेली
शेवग्याच्या शेंगांची आमटी, झाकण गरम.
बेल वाजवली.
"कोण?"
"मी अवसरे, वरच्या मजल्यावरचा. घाबरू नकोस."

"घाबरू नकोस"
हे मी अकरा चित्रपटांत म्हटलंय.
त्याच्यापुढं काय होतं
ते त्यानं पाहिलेलं असणार.

आतला दिवा विझला.
थोड्या वेळानं दाराखालच्या फटीतून
पाचशेची नोट
सरकत, अडखळत
माझ्या अंगठ्याला येऊन टेकली.

ती परत आत सारायला वाकलो.
आधी गुडघे गेले.